जुना स्किड स्टीअर घेताना: आधी लिव्हर समजून घ्या, मग भाव करा

जुनी स्किड स्टीअर, म्हणजे पुढं बकेट असलेली छोटी लोडर मशीन, बघायला जायचं ठरलं की मालकाला अकराची वेळ सांगा आणि दहालाच पोचा. ‘आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका’ असं फोनवर अजिबात बोलू नका, त्यानं समोरचा उगाच सावध होतो. पोचल्या पोचल्या मागचं दार उघडून इंजिनला हात लावायचा. गरम लागलं तर भाव विचारू नका. चहा घ्या, उसाचा दर काय म्हणतोय ते विचारा, इंजिन गार होऊ द्या. गार इंजिन किती सेल्फ खातं, धूर कुठल्या रंगाचा सोडतं, हे मशीनबद्दल मालकापेक्षा खरं सांगतं. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. निळा धूर सुटला आणि सुटतच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून बघा. खालून भकाभका वाफ मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा संपल्यात.

माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हायड्रॉलिक दुरुस्तीचं दुकान आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत रेती ओढणाऱ्या, साखर कारखान्यावर बगॅस (उसाचा चोथा) ढकलणाऱ्या, पेठेतल्या बोळात राडारोडा उचलणाऱ्या बॉबकॅट माझ्याकडं येतात. कंपनी कुठलीही असो, स्किड स्टीअरला इथं सगळे बॉबकॅटच म्हणतात. ‘मशीन बघायला जरा चला की’ म्हणून लोक घेऊन जातात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तास किती झाले. माझा पहिला प्रश्न असतो की तुमच्यापैकी ही चालवणार कोण, आणि त्याला लिव्हर कुठल्या पद्धतीच्या येतात. या मशीनमध्ये प्रत्येक लिव्हर ठरावीक पंपांशी बोलतं. कुठलं लिव्हर कुणाशी बोलतं हे कळलं की ट्रायल घेता घेताच आतलं काय गेलंय ते ओळखता येतं.

आत काय चालतं

स्किड स्टीअरला स्टिअरिंग नाही आणि चाकंही वळत नाहीत. चारही चाकं सरळ घट्ट बसवलेली. डावीकडच्या दोन चाकांना एक हायड्रॉलिक मोटर, उजवीकडच्या दोन चाकांना दुसरी. मोटरपासून पुढच्या आणि मागच्या चाकापर्यंत साखळ्या असतात, आणि त्या चेनकेस नावाच्या बंद पेटीत तेलात फिरतात. इंजिनला जोडून दोन पंप बसवलेले असतात, एक डाव्या मोटरला तेल देतो, एक उजव्या. त्यांच्या मागं आणखी एक गिअर पंप असतो, त्याच्यावर बकेट उचलणारे आर्म, बकेट आणि पुढं लावायचा ब्रेकर (फोडायचा हातोडा) किंवा ऑगर (खड्डे पाडायचा) चालतो.

वळायचं कसं, तर बैलजोडी वळवताना एका बैलाला थोपवून दुसऱ्याला पुढं काढतात तसं. उजवी बाजू जास्त पळवली की मशीन डावीकडं वळते. एक बाजू पुढं आणि दुसरी मागं टाकली की जागेवर गिरकी घेते. ही गिरकी घेताना चाकं जमिनीवर घासत सरकतात, म्हणून टायर लवकर जातात आणि नवीन पेव्हर ब्लॉकवर गिरकी घेतली तर ब्लॉक उखडतात.

ही कल्पना आली ती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या केलर बंधूंकडून. 1957 मध्ये त्यांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या शेडमधली घाण काढायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला. पुढं मेलरो कंपनीनं तो घेतला आणि 1960 मध्ये चार चाकांची मशीन आली. शेडच्या खांबांमधून जाण्यासाठी जन्मलेलं यंत्र आहे हे, त्यामुळं आपल्याकडं पोल्ट्रीत आणि मोठ्या गोठ्यात ते इतकं चपखल बसतं यात नवल नाही.

लिव्हरच्या तीन पद्धती

जुन्या मशीनमध्ये तीन पद्धती दिसतात. खरेदीतले निम्मे घोळ इथंच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिली, जुन्या बॉबकॅटची हात-पाय पद्धत. दोन हातांत दोन लिव्हर, ती फक्त चालवण्यासाठी. डावं डाव्या चाकांचं, उजवं उजव्या चाकांचं. आर्म आणि बकेट पायानं चालतात. डाव्या पेडलवर टाच दाबली की आर्म वर, चवडा दाबला की खाली. उजव्या पेडलवर टाच दाबली की बकेट आत वळते, चवडा दाबला की ओतते. डावं पेडल चवड्यानं पार शेवटपर्यंत दाबलं की ते अडकतं, आर्म मोकळे होतात आणि बकेट जमिनीच्या चढउतारावर आपोआप सरकते. याला फ्लोट म्हणतात. मागं सरकत जमीन सपाट करायला झकास. पण भरलेली बकेट वर असताना फ्लोट लागला तर आर्म धाडकन खाली येतात, म्हणून नवशिक्याला पहिल्या दिवशी हे दाखवायचंच.

दुसरी, एच पॅटर्न. सगळं हातात, पायाला काम नाही. दोन्ही हातांची लिव्हर पुढं-मागं केली की आपापल्या बाजूची चाकं चालतात, आणि आडवी हलवली की डाव्यानं आर्म, उजव्यानं बकेट. पायांवर चालवलेल्या माणसाला हे सुरुवातीला चमत्कारिक वाटतं. मशीन पुढं घेता घेता हात जरा आडवा झाला की आर्म हलतो.

तिसरी, आयएसओ पद्धत. डाव्या जॉयस्टिकनं गाडी चालते: पुढं ढकला पुढं, मागं ओढा मागं, कडेला झुकवा वळते. उजव्या जॉयस्टिकनं काम होतं: मागं ओढली की आर्म वर, पुढं ढकलली की खाली, डावीकडं बकेट आत, उजवीकडं ओतणं. थ्रीडीएक्स, म्हणजे आपली नेहमीची जेसीबी बॅकहो, चालवलेल्या ऑपरेटरचा उजवा हात इथं लगेच बसतो, कारण तिथलं लोडरचं लिव्हर असंच चालतं. त्याची पंचाईत होते ती डाव्या हाताशी, कारण तिथं आयुष्यभर स्टिअरिंग होतं.

नवीन काही मशीनमध्ये एच आणि आयएसओ बदलायचं बटण असतं. चढल्यावर पहिल्यांदा ते कुठल्या बाजूला आहे ते बघा, मगच लिव्हरला हात लावा. तुमचा ऑपरेटर पायांवर तयार झालेला असेल तर स्वस्तात मिळते म्हणून आयएसओची मशीन घरी आणू नका. आणलीत तर त्याला आठवडाभर मोकळ्या रानात सोडा आणि तोवर फाउंड्रीच्या शेडमध्ये घालू नका. घाईगडबडीत हात जुन्या सवयीनंच चालतात आणि शेडमध्ये माणसं फिरत असतात.

जेसीबीची स्किड स्टीअर बघायला मिळाली तर एक फरक लगेच दिसेल. तिला एकच बूम, तोही उजवीकडं, आणि दार डावीकडं. बाकीच्या बहुतेकांत बकेटवरून, दोन आर्मच्या मधून आत चढावं लागतं. कंबर धरणाऱ्या ऑपरेटरला हा फरक पैशांपेक्षा मोठा वाटतो.

ट्रायल कशी घ्यायची

आत बसा, सीट बेल्ट लावा, मांडीवर येणारा सीट बार खाली घ्या. मग इंजिन चालू करून बार वर उचला आणि आर्म हलवून बघा. आर्म हलता कामा नयेत. बार वर असताना किंवा माणूस सीटवरून उठल्यावर हायड्रॉलिक बंद पडलंच पाहिजे. जुन्या मशीनमध्ये इथं हमखास जुगाड असतो. एकदा गांधीनगरच्या रस्त्याला एक मशीन बघितली. रंग ताजा, टायर नवे, मालक गोड बोलणारा. सीट पुढं ओढून खाली हात घातला तर सीट स्विचचा कनेक्टर मोकळा लोंबत होता आणि त्याच्या दोन टोकांत लाल वायरचा एवढासा तुकडा खुपसून वर निळी टेप गुंडाळलेली. टेपवर ग्रीसचे बोटांचे ठसे, म्हणजे कधीतरी कुणीतरी घाईत, काम चालू असतानाच केलेलं. स्विच फार महागाचा भाग नाही. पण ज्यानं तो बदलायचं टाळलं त्यानं आणखी काय काय टाळलं असेल, हा विचार करून भाव करायचा.

आता हाताचं थ्रॉटल पूर्ण वर करा. ही मशीन फुल थ्रॉटलवरच चालवायची असते, वेग लिव्हरनं कमीजास्त करायचा. पायाचा ब्रेक शोधू नका. लिव्हर मध्यावर आणलं की मशीन थांबते. थांबलेली ठेवायची असेल तर पार्किंग ब्रेक वेगळा आहे, तो लावून लिव्हर हळूच पुढं रेटा, मशीन जागची हलता कामा नये.

मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना सारखं लिव्हर देऊन सरळ चालवा. एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्हीकडच्या टायरचा आकार आणि हवा बघा. एका बाजूला नवे आणि एका बाजूला झिजलेले टायर असले तरी मशीन ओढते, आणि दलाल त्याच्यावरच खापर फोडतो. टायर ठीक असून ओढत असेल तर लिव्हरचं लिंकेज, पंप किंवा मोटर यांपैकी काहीतरी गेलंय. आमच्याकडं फिटर दोन्ही बाजूंच्या मोटरचे होज (तेलाच्या नळ्या) अदलाबदल करून बघतात. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर पंप, तिथंच राहिला तर मोटर. पंप किंवा मोटर बदलायची वेळ आली तर खर्च लाखात जातो, त्यामुळं ट्रायलचा सगळ्यात जास्त वेळ इथं घाला.

गार मशीन सगळ्यांचीच चांगली पळते. अर्धा तास कामाला लावून तेल गरम झाल्यावर पुन्हा ट्रायल घ्या. मातीच्या ढिगात बकेट घालून पुढं रेटा. दोन्ही बाजूंची चाकं घसरली पाहिजेत किंवा इंजिन दबलं पाहिजे. इंजिन मजेत चालू आहे, चाकं फिरत नाहीत आणि एका बाजूनं नुसती किरकिर ऐकू येते, तर त्या बाजूचा दाब गळतोय. इंजिन फारच दबायला लागलं तर लिव्हर आणखी पुढं ढकलू नका, उलट थोडं मागं घ्या. लिव्हर मागं आलं की पंप कमी तेल फेकतो, इंजिनावरचा भार उतरतो आणि मशीन जोर धरते. बॅकहो चालवलेल्यांना हे लवकर पटत नाही.

मग हळूच पुढं-मागं, पुढं-मागं करा. दिशा बदलताना खालून ‘खट्’ असा आवाज आला तर साखळी सैल झालीय. चेनकेसचा प्लग उघडायला लावा. बोट आत घालून बाहेर काढा आणि तेल चुटकीत चोळा. नुसतं काळं तेल असेल तर चिंता नाही. चुरचुर लागलं तर धातूचा कीस आहे, दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. बोट कोरडंच आलं, तर मालकाला नमस्कार करून निघा.

आर्म वर नेऊन रिकामी बकेट हवेत धरा, इंजिन बंद करा आणि लांब उभं राहून बघा. थोडं खाली येणं जुन्या मशीनला माफ, पण नजरेसमोर सरसर उतरत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत. नंतर बकेट जमिनीपासून किंचित वर धरून कोपऱ्याला हातानं हलवा. पिन-बुशमधला खेळ मनगटाला कळतो. बोळात ब्रेकर लावून चाललेल्या मशीनचे पिन आधी जातात. बकेट अडकवायच्या प्लेटचे दोन खालचे खिळे भोकातून पूर्ण बाहेर आलेले दिसले पाहिजेत. ते अर्धवट असतील तर भरलेली बकेट कधीतरी पायाशी येऊन पडेल.

अवर मीटरवर फार भरवसा नको, ते बदलता येतं. मीटर कमी तास सांगत असेल आणि पेडलचं रबर झिजून लोखंड चकाकत असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा.

मशीन आली कुठून

हे विचाराच, कारण कोल्हापूरच्या आसपास मशीनचा आजार तिच्या कामावरून ठरतो. फाउंड्रीतली मशीन असेल तर एअर फिल्टर काढून इंजिनकडं जाणाऱ्या पाइपच्या आतल्या, स्वच्छ असायला हव्या अशा बाजूला बोट फिरवा. बोटाला रेतीची बारीक पूड लागली तर ती इंजिनच्या पोटातही गेलीय, मग बाहेरचा रंग कितीही चकचकीत असो. कारखान्यावरची मशीन असेल तर रेडिएटरच्या जाळीत आणि पोटाखालच्या पत्र्यात बगॅस कोंबलेला सापडतो. त्यानं इंजिन तापतं, आणि सायलेन्सरजवळ साठला तर पेटतोही. प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) राबलेली मशीन खालून गंजते, त्यासाठी पत्र्यावर पडून वर बघायचा आळस नको.

आणि पूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी जिथं जिथं शिरलं तिथं मशीनही बुडाल्या, आणि धुऊन-पुसून विकल्याही गेल्या. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून कोपऱ्यात वाळलेला गाळ दिसतो का बघा, कनेक्टरवर हिरवट पूड आहे का बघा. धुणारा माणूस तिथपर्यंत सहसा पोचत नाही.

वजनाचंही आधीच बोलून घ्या. माहितीपत्रकात लिहिलेली उचलण्याची क्षमता म्हणजे मशीन पुढं कलंडते त्या वजनाच्या निम्मी, हा चाकांच्या मशीनचा नियम. कोरड्या रेतीचा घनमीटर दीड टनाच्या वर भरतो, म्हणजे 0.4 घनमीटरची बकेट रेतीनं काठोकाठ भरली की सहाशे किलोच्या पुढं गेली. लहान मशीनला तेवढं झेपत नाही. बगॅस मात्र इतका हलका की मोठी बकेट लावली तरी मशीनला कळत नाही. विकणारा कुठली बकेट देतोय आणि तुमचं काम कुठलं, ते जुळवून घ्या.

इंजिनचं म्हणाल तर 1 एप्रिल 2021 पासून पन्नास एचपीच्या आसपास आणि वरच्या मशीनना सीईव्ही स्टेज चार, म्हणजे बांधकाम यंत्रांच्या धुराचा नियम, लागू झाला. त्यानंतरच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स जास्त, स्कॅनरशिवाय दोष सापडत नाही. त्याआधीची मेकॅनिकल पंपाची मशीन उद्यमनगरातला कुठलाही डिझेल पंपवाला उघडतो. मला विचाराल तर पहिली मशीन म्हणून तीच बरी.

चढ-उतार आणि जाळी

रिकाम्या मशीनचं वजन मागं असतं, भरलेलीचं पुढं. जड बाजू नेहमी चढाकडं ठेवायची. म्हणजे रिकामी मशीन ट्रकच्या रॅम्पवर मागं तोंड करून, रिव्हर्समध्ये चढवायची, आणि भरलेली असेल तर सरळ. पन्हाळ्याकडं जांभ्याच्या उतारावर काम घेणाऱ्यांनी हे ऑपरेटरला दोनदा सांगावं. बकेट जमिनीपासून वीतभरच वर ठेवून चालायचं.

केबिनच्या दोन्ही कडांची लोखंडी जाळी काढून टाकलेली असेल तर सौद्यातच ती बसवून मागा. हवा लागावी म्हणून ऑपरेटर जाळी काढतात, मग बाहेर डोकं काढून चाक बघायला जातात आणि आर्म तिथूनच खाली येतो. वर उचललेल्या आर्मखाली, त्याला कंपनीचा लॉक लावल्याशिवाय, कुणीही जायचं नाही. केबिन पुढं कलती करून पंप दाखवतो असं मालक म्हणाला तरी आधी लॉक.

कागदांत नोंदणी असेल तर आरसीवरचा चेसिस नंबर प्लेटशी स्वतः ताडून बघा. हस्तांतराला फॉर्म 29 आणि 30, फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. निपाणी-बेळगावकडून केए नंबरची मशीन आणत असाल तर तिकडच्या आरटीओचं फॉर्म 28 वरचं ना-हरकत आधी, पैसे मग. नोंदणी नसलेली मशीन असेल तर मूळ खरेदीचं बिल मागा, आणि ती रस्त्यानं चालवत आणू नका, ट्रकवरच आणा.

विसार देताना चिठ्ठीवर नुसतं ‘एक बॉबकॅट’ लिहून घेऊ नका. चेसिस नंबर, बकेट कुठली, ब्रेकर आहे का, त्याचे होज आणि कपलिंग, दोन्ही जाळ्या, आर्मचा लॉक, दुसरी किल्ली, ऑपरेटरचं पुस्तक, सगळं एकेक लिहा आणि मशीन ट्रकवर चढायच्या आधी चिठ्ठी हातात धरून मोजा. ब्रेकरचे होज तर हमखास मागं राहतात.